दोन्ही आकडे खरे

प्रवासी बॅगा बनवणाऱ्या त्या कारखान्याच्या फाटकाला लागून दुरुस्ती विभागाची एक बैठी इमारत होती, आणि तिच्या खिडकीत बावीस वर्षं एकच बाई बसत होत्या. सगळा कारखाना त्यांना काउंटरताई म्हणायचा. गिऱ्हाइकांनीही तेच नाव उचललं होतं. बॅग खिडकीतून आत आली की काउंटरताई ती एकदा उभी करत, एकदा आडवी करत, चेन पुढेमागे ओढून बघत, मूठ वरखाली करत, आणि गिऱ्हाइकानं तोंड उघडायच्या आत दुखणं कुठं आहे ते सांगून मोकळ्या होत.

इतकं असूनही त्यांना अधिकाऱ्याची जागा मिळाली नव्हती. कारखान्यात वर चढायचं तर अंतर्गत परीक्षा द्यावी लागे. ती त्यांनी दोनदा दिली, आणि दोन्ही वेळा त्यांचं गाडं एकाच ठिकाणी रुतलं होतं. भाषा, आकडेमोड, कामाचे नियम, सगळं सुरळीत पार पडे. मग यायचा तर्काचा भाग. त्यात धंद्या-व्यापारातले छोटे छोटे प्रसंग दिलेले असत आणि प्रत्येक प्रसंगात दोन गोष्टी एकमेकींच्या उरावर बसलेल्या. दुकानानं किंमत वाढवली, तरी खप वाढला. नोकर कमी केले, तरी काम लवकर उरकू लागलं. आणि खाली विचारलेलं असे, ही विसंगती पुढीलपैकी कशामुळे दूर होते? काउंटरताईंना वाटे, विसंगती राहू दे, ज्यानं हे लिहिलंय त्यालाच आधी दूर करावं.

दुसऱ्यांदा नापास झाल्या त्या दिवशी नवऱ्यानं त्यांची समजूत काढायचा प्रयत्न केला. तो बंदरावर क्रेन चालवायचा. "मला वर जायला शिडी आहे," तो म्हणाला, "तुला परीक्षा. शिडी बरी. ती प्रश्न विचारत नाही."

काउंटरताईंना हसू आलं, पण रात्रभर टोचणी लागून राहिली ती राहिलीच. सकाळी उठून त्या जिना चढून वर गेल्या आणि नणंदेच्या दारात उभ्या राहिल्या. नणंद शाळेत गणित शिकवायची. घरात सगळे तिला मास्तरीण म्हणत, तिचा थोरला भाऊसुद्धा, आणि वर्गातल्या पोरांइतकाच तोही तिला टरकून असे.

"मला शिकव," काउंटरताई म्हणाल्या. "आणि माझी कीव करू नकोस."

"कीव करायला मला वेळ कुठंय, वहिनी," मास्तरीण म्हणाली. "रविवारी सकाळी आठला. वही घेऊन या. चहा तुमच्याकडून."

पहिल्या रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही उघडली गेली आणि मास्तरणीनं प्रश्न वाचला. एका शिवणकामाच्या दुकानानं पूर्वीपेक्षा दुप्पट वेगानं कापड बेतणारा कारागीर ठेवला. तरीही गिऱ्हाइकांना कपडे पूर्वीपेक्षा उशिरा मिळू लागले. असं का झालं असेल?

काउंटरताईंनी क्षणभरही विचार केला नाही. "तो कारागीर थापाड्या असणार. वेग-बिग काही नाही. नोकरी मिळावी म्हणून फेकलं असेल."

"प्रश्नात लिहिलंय, दुप्पट वेगाचा."

"लिहिणाऱ्याला काय कळतं? मी असली माणसं रोज बघते."

मास्तरणीनं पेन्सिल खाली ठेवली. "वहिनी, तुमचं घोडं कुठं अडतं सांगू? तुम्ही प्रश्नाशी भांडता. दोन गोष्टी समोर आल्या की त्यातली एक खोटी ठरवूनच तुम्हाला चैन पडतं. इथं तसं चालत नाही. दोन्ही खऱ्या आहेत. दोघींना घरात घ्यायचं आणि मग बघायचं, दोघी एका छपराखाली नांदायच्या तर तिसरं काय असायला हवं."

"दोघी भांडत असल्या तरी?"

"भांडत नसतातच. नुसत्या तशा दिसतात."

काउंटरताई बराच वेळ कपाळाला आठ्या घालून बसल्या. चहा गार झाला. मग त्या हळूच म्हणाल्या, "वेग वाढला म्हणून दुकानाचं नाव झालं असेल. नाव झालं म्हणून गिऱ्हाइकं वाढली. बेतायला दुप्पट वेग, पण शिवायला हात तेवढेच. मग रांग लागणारच."

मास्तरणीनं वहीत बरोबरची खूण केली आणि पुढचा प्रश्न काढला. तिच्याकडून एवढं मिळालं म्हणजे पुष्कळच होतं.

पुढचा प्रश्न लिफ्टचा होता. एका मोठ्या कचेरीत एकच लिफ्ट होती, दुसरी बसवली, तर लिफ्टसाठी ताटकळणं उलट वाढलं. काउंटरताईंनी आपलं घोडं पुन्हा जुन्याच वाटेला घातलं. म्हणाल्या, दुसरी लिफ्ट बंदच पडली असेल. मास्तरणीनं शांतपणे विचारलं, "बंद पडली असेल तर ताटकळणं पूर्वीइतकं राहील. वाढेल कशानं?" त्या रविवारी याचं उत्तर सापडलंच नाही. सापडलं मंगळवारी, कारखान्याच्या जिन्यावर, दोन्ही हातांत बॅगा घेऊन वर चढताना. पूर्वी जे निमूट जिन्यानं जायचे, ते दुसरी लिफ्ट आल्यावर लिफ्टपाशी येऊन उभे राहू लागले असतील. त्या जिन्यात मध्येच थांबल्या आणि एकट्याच हसल्या. मागून येणाऱ्या माणसानं त्यांना वळसा घालून वाट काढली.

असे सहा-सात रविवार गेले. परीक्षा तीन आठवड्यांवर आली. आणि मग कारखान्यातच एक प्रश्न उभा राहिला, तोही पर्याय न देता.

झालं असं. चार वर्षांपूर्वी कारखान्यातल्या एका जुन्या इंजिनियरनं बॅगेसाठी नवं चाक तयार केलं होतं. या इंजिनियरना सगळे चाककाका म्हणत. बुटका, शांत माणूस. शर्टाच्या खिशात कायम एखादं चाक, आणि बोलता बोलता त्याच्यावर अंगठा फिरवायची सवय. जुनं चाक बॅगेच्या बुडातच ओतलेलं असे. चाककाकांचं चाक वेगळं, रबरी, स्क्रूनं बसवलेलं. चाचणीच्या यंत्रावर ते जुन्याच्या चौपट अंतर धावलं होतं. मालकीणबाईंनी ते सगळ्या बॅगांना लावायचा हुकूम दिला आणि कारखान्यानं चाककाकांच्या गळ्यात हार घातला.

आता चार वर्षांनी मालाच्या दर्जाची तपासणी बघणाऱ्या साहेबांनी एक तक्ता मांडला. भिंतीवर तक्ते टांगायची त्यांना भारी हौस, म्हणून कारखाना त्यांना तक्तेसाहेब म्हणायचा. माणूस वाईट नव्हता. मेहनती होता, चोख होता. तक्ता असा होता की नवं चाक येण्याआधी दुरुस्तीला दिवसाला चाळीस बॅगा येत. आता सत्तर येतात. विक्री मात्र तेवढीच आहे. मधल्या काळात बॅगेत दुसरा कसलाही बदल झालेला नाही. बदललं ते फक्त चाक.

तक्ता बघून मालकीणबाईंचा चेहरा उतरला. बुधवारी सकाळी कारखानाभर बातमी पसरली की शुक्रवारच्या बैठकीत नव्या चाकाचा निकाल लागणार. जुनं चाक परत येणार, आणि चाककाकांना गोदामात बसवणार. त्यांच्या खोलीची किल्ली तर मंगळवारीच मागून घेतली होती.

बुधवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत चाककाका काउंटरताईंच्या खिडकीशी आले. आत येऊन एका रिकाम्या खोक्यावर बसले. डबा हातात होता, पण उघडला नाही.

"ताई, तुमच्याकडे सत्तर बॅगा येतात हे खरं ना?"

"खरं आहे काका. कधी पंचाहत्तरही येतात."

"मी त्या यंत्रापाशी रात्रंदिवस उभा राहिलोय. चाक चौपट चाललं. मी स्वतः मोजलंय." त्यांनी खिशातलं चाक काढलं, त्याच्याकडे पाहिलं आणि परत ठेवलं. "तक्तेसाहेब म्हणतात चाचणी खोटी. मी म्हणतो, तुमची मोजणी खोटी. काल आम्ही दोघं सगळ्यांसमोर तावातावानं भांडलो. आता वाटतं, आपलंच कुठंतरी चुकलं असेल. वय झालं."

काउंटरताईंना या माणसाला असं बोलताना ऐकवेना. त्यांच्या तोंडावर आलंच होतं, की तो तक्तेवाला दिवसभर भिंतीकडे बघत बसतो, त्याला काय कळतंय. पण शब्द ओठांवर येता येता त्या थबकल्या. ही तर तीच त्यांची जुनी खोड होती. समोर दोन गोष्टी होत्या आणि त्यांचा हात एकीचा गळा धरायला निघाला होता.

"काका," त्या म्हणाल्या, "चाचणी खोटी नाही. मोजणीही खोटी नाही. मोजणी तर माझीच आहे, माझ्या रजिस्टरातली. दोन्ही खरं धरून बघू."

"दोन्ही खरं कसं असेल?"

"ते मलाही अजून माहीत नाही."

चाककाका उठून गेले. काउंटरताई मात्र त्या दुपारी आलेल्या प्रत्येक बॅगेकडे नव्यानं बघू लागल्या. चाक तुटलेली बॅग एकही नव्हती. एकीची चेन गेलेली, एकीची मूठ निखळलेली, एकीचं अस्तर फाटलेलं. हे त्यांना रोज दिसत होतंच, पण दिसणं वेगळं आणि बघणं वेगळं. चाक चांगलं आहे म्हणून चाकं तुटत नाहीत, इथवर ठीक. पण मग चेनी एवढ्या का तुटाव्यात? चेनी तर तेव्हाही याच होत्या आणि आताही याच आहेत. त्यांनी प्रश्न चहूबाजूंनी ठोकून पाहिला. तो काही हलेना.

साडेचारला एक बाई आल्या. औषधांच्या कंपनीसाठी गावोगाव फिरणाऱ्या, घामाघूम झालेल्या. बॅग खिडकीवर आपटून म्हणाल्या, "चेन बदलून द्या. चाकं अजून पळताहेत, म्हणून म्हटलं जीव आहे हिच्यात. नाहीतर टाकूनच दिली असती, मागच्यासारखी."

"मागच्यासारखी म्हणजे?"

"साडेतीन वर्षं झाली असतील. चाक तुटलं म्हणून तुमच्याकडेच आणली होती. तुम्हीच होतात इथं. म्हणालात, हे चाक बदलता येत नाही, बुडातच असतं, नवीनच घ्या. मग काय, त्या तिथल्या कचराकुंडीत टाकली आणि नवी घेऊन गेले."

काउंटरताईंचा हात चेनीवर तसाच राहिला.

"किती वर्षं वापरली होती ती?"

"दीड वर्ष असेल. आणि हिला साडेतीन झाली."

त्या बाईंना पावती दिली, बॅग आत पाठवली आणि काउंटरताई स्टुलावर बसल्या. नवीनच घ्या. हे दोन शब्द त्यांनी किती माणसांना ऐकवले असतील? दिवसातून दहादा, वीसदा, वर्षानुवर्षं. आणि ज्यांना ऐकवले, त्यांची नोंद कुठंच नव्हती, कारण रजिस्टरात फक्त दुरुस्तीला घेतलेली बॅग लिहायची असा नियम होता. जुनी बॅग चाकाबरोबरच मरायची. दोन वर्षांच्या आत. तिची चेन म्हातारी व्हायला ती जगायचीच नाही. आता चाक टिकतं, म्हणून बॅग जगते. जगते म्हणून तिची चेन झिजते, मूठ सैल होते, अस्तर विरतं. आणि चाकं धड आहेत म्हणून माणसाला ती दुरुस्त करावीशी वाटते.

बॅगा बिघडल्या नव्हत्या. त्यांचं आयुष्य वाढलं होतं.

घरी आल्याबरोबर त्या चपलांसह वर गेल्या आणि मास्तरणीला सगळं एका दमात सांगितलं. मास्तरणीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग तिनं मास्तरकीच केली.

"छान आहे. पण ही झाली तुमची कल्पना. तक्तेसाहेबांनी उद्या म्हटलं, की तुमचं चाक खडबडीत रस्त्यानंही धावतं, त्याचे दणके चेनीला बसतात, म्हणून चेनी तुटतात, तर काय सांगाल? तेही जुळतंच की."

काउंटरताईंचा उत्साह क्षणात ओसरला. त्या पायरीवर बसल्या. मास्तरीण त्यांच्या शेजारी बसली, पण मदत केली नाही. खाली नवरा भांडी विसळत होता, त्याचा आवाज येत होता.

"दणक्यांनी तुटत असतील," काउंटरताई सावकाश म्हणाल्या, "तर नव्या बॅगाही तुटायला हव्यात. वर्षाच्या, सव्वा वर्षाच्या. त्यांनाही तेच चाक आहे. आणि माझं खरं असेल, तर नव्या बॅगा पूर्वीइतक्याच यायला हव्यात. वाढ असेल ती सगळी म्हाताऱ्या बॅगांची."

"बॅगेचं वय लिहिता तुम्ही?"

"प्रत्येकीचं. विकत घेतल्याची तारीख कार्डावर असते, ती मी उतरवून घेते. बावीस वर्षं घेतेय. कुणी कधी वाचली नाही."

"मग आता वाचा," मास्तरीण म्हणाली.

गुरुवारी चाककाकांना काम नव्हतंच. सकाळी आठला ते येऊन खोक्यावर बसले. काउंटरताईंनी कपाटातून सहा वर्षांपूर्वीची रजिस्टरं काढली, धूळ झटकली, यंदाची शेजारी ठेवली. काका तारखा वाचत, ताई गिऱ्हाइकं सांभाळत सांभाळत रेघा ओढत. दोन वर्षांच्या आतली बॅग डावीकडे, त्यावरची उजवीकडे. जुन्या रजिस्टरांत उजवी बाजू जवळजवळ कोरीच राहिली. काकांचा आवाज दुपारपर्यंत सपाट होता. यंदाच्या रजिस्टरात उजवीकडे रेघांवर रेघा पडू लागल्या तसा तो चढत गेला. तीन वर्षं. साडेतीन. तीन वर्षं दोन महिने. चार वाजता बेरीज झाली. काकांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि बेरीज पुन्हा केली. तीच आली.

"ताई," ते म्हणाले, "हे तुम्ही सांगायचं. मी सांगितलं तर माझी बाजू मांडतोय असं होईल."

बैठकीच्या खोलीत काउंटरताई आजवर एकदाच गेल्या होत्या, तेही कुणाची तरी विसरलेली बॅग नेऊन द्यायला.

शुक्रवारी अकराला त्यांनी खिडकी बंद केली. 'अर्ध्या तासात येते' असं पुठ्ठ्यावर लिहून काचेला लावलं आणि चार रजिस्टरं छातीशी धरून जिना चढल्या. लांब टेबलाच्या टोकाला मालकीणबाई बसल्या होत्या. पंचावन्नच्या, केस आखूड कापलेले, लांबण लावलेलं न खपणाऱ्या. भिंतीवर तक्ता होता. चाळीसचा बुटका खांब आणि सत्तरचा उंच खांब. त्याच्याशेजारी तक्तेसाहेब काठी घेऊन उभे होते.

"मॅडम, दुरुस्तीच्या काउंटरवरून काही सांगायचंय," चाककाका म्हणाले. "पाच मिनिटं लागतील."

मालकीणबाईंनी मान हलवली.

काउंटरताईंनी रजिस्टरं टेबलावर ठेवली, तेव्हा जो आवाज झाला त्यानंच त्यांना जरा धीर आला. "मॅडम, साहेबांचा आकडा बरोबर आहे. चाळीसच्या सत्तर झाल्या. मीच मोजते त्या."

चाककाकांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. तक्तेसाहेबही बघायला लागले.

"आणि काकांची चाचणीही बरोबर आहे. चाक चौपट चालतं. गेल्या महिन्यात अठराशे बॅगांत चाकासाठी आलेल्या फक्त नऊ आहेत."

"म्हणजे दोघंही बरोबर," मालकीणबाई म्हणाल्या. "मग चाक चांगलं आहे आणि बॅग वाईट झाली, असं समजायचं का मी?"

"नाही मॅडम. बॅग जास्त दिवस जगायला लागली." आणि मग त्यांनी सांगितलं. चाकाबरोबर मरणारी जुनी बॅग, रजिस्टरात कधीच न आलेली माणसं, खिडकीतून त्यांनीच सांगितलेलं 'नवीनच घ्या', सगळं.

तक्तेसाहेबांनी काठी टेबलाला टेकवली. "ताई, तुमचं म्हणणं ऐकायला ठीक आहे. पण नव्या चाकामुळे लोक बॅग कुठंही फरफटत नेतात. दणके वरपर्यंत जातात. चेनी त्यानं तुटत नसतील कशावरून?"

काउंटरताई या प्रश्नाची वाटच बघत होत्या. "तसं असतं साहेब, तर कोवळ्या बॅगाही जास्त आल्या असत्या. सहा वर्षांपूर्वी दोन वर्षांच्या आतल्या बॅगा दिवसाला एकोणचाळीस येत, आणि त्याहून जुनी एखादी. आता दोन वर्षांच्या आतल्या येतात अडतीस." त्यांनी खुणेची पानं उघडून रजिस्टरं पुढे सरकवली. "उरलेल्या बत्तीस दोन वर्षांच्या वरच्या आहेत. बहुतेक तिसऱ्या-चौथ्या वर्षातल्या. त्या वयाची आपली बॅग पूर्वी जगातच नव्हती."

तक्तेसाहेबांनी खुर्ची ओढली, बसले, आणि पानं उलटू लागले. चोख माणूस. त्यांनी चुकवाचुकवी केली नाही. दहा मिनिटं स्वतः रेघा मोजल्या. मालकीणबाईही उठून त्यांच्या खांद्यावरून बघत राहिल्या. शेवटी तक्तेसाहेबांनी मान वर केली.

"मी वय धरलंच नव्हतं," ते म्हणाले. मग जरा थांबून, "पण माझा आकडा खरा होता."

"होता साहेब," काउंटरताई म्हणाल्या. "तुमचा आकडा नसता तर मी कपाट उघडलं नसतं."

तक्तेसाहेब उठले, भिंतीपाशी गेले आणि सत्तरच्या खांबावर अडतीसपाशी त्यांनी एक आडवी रेघ मारली. वरच्या भागात लिहिलं, 'पूर्वी टाकून दिल्या जात'. मग चाककाकांसमोर येऊन त्यांनी हात पुढे केला. काकांनी तो दोन्ही हातांत घेतला.

मालकीणबाईंनी तिथल्या तिथे तीन गोष्टी सांगितल्या. चाक आहे तेच राहील. काकांची खोली त्यांना परत द्या, आणि त्यांनी आता चेनीला हात घालावा, चार वर्षं टिकेल अशी बनवावी. आणि दुरुस्तीला न घेता परत पाठवलेल्या गिऱ्हाइकाचीही यापुढे नोंद व्हावी. मग त्या काउंटरताईंकडे वळल्या.

"असा विचार करायला कुठं शिकलात?"

"दोनदा नापास होऊन, मॅडम."

मालकीणबाई हसल्या, मग चाककाका हसले, आणि बघता बघता अख्खं टेबल हसायला लागलं. काउंटरताई खाली आल्या तेव्हा बंद खिडकीसमोर सातजण रांगेत उभे होते. एकानं घड्याळ दाखवून कुरकुर केली. काउंटरताईंनी त्याची बॅग उभी केली, आडवी केली आणि गोड आवाजात म्हणाल्या, "मूठ गेलीय. उद्या मिळेल." त्या दिवशी त्यांना कुणाचाच राग येत नव्हता.

पुढच्या पंधरा दिवसांत कारखान्यात जो तो त्यांना सांगू लागला, आता परीक्षेचं काय, खिशातच आहे. त्या ऐकून घेत. मास्तरीण मात्र एका रविवारी म्हणाली, "एक लढाई जिंकलेला माणूस दुसऱ्या लढाईत तोच डाव टाकतो. सांभाळा."

परीक्षा एका शाळेच्या लांबट वर्गात होती. बाकं मुलांच्या मापाची, गुडघे अडकत होते. तर्काच्या भागात विसंगतीचे पाच प्रश्न होते. चार व्यवस्थित सुटले. पाचवा वाचला आणि काउंटरताईंचा विश्वासच बसेना. एका घड्याळ कंपनीनं आपली घड्याळं पूर्वीपेक्षा मजबूत केली, तरीही त्या वर्षी कंपनीकडे दुरुस्तीला येणाऱ्या घड्याळांची संख्या वाढली. पर्यायांत पहिलाच होता, 'मजबूत घड्याळं अधिक वर्षं टिकतात, त्यामुळे ती जुनी होऊन दुरुस्तीला येतात.' जणू कुणीतरी त्यांच्याच पुढ्यात ताट वाढून ठेवलं होतं.

पेन पर्यायावर टेकलं. आणि मग त्यांनी ते उचललं. समोर बॅग आली तर आपण काय करतो? एकदा उभी, एकदा आडवी. त्यांनी प्रश्न पुन्हा वाचला, सावकाश, शब्द शब्द. मधल्या एका ओळीत लिहिलं होतं की दुरुस्तीला आलेली सगळी घड्याळं त्याच वर्षी विकलेली होती.

त्याच वर्षीची. म्हणजे म्हातारं एकही नाही. म्हणजे त्यांचं लाडकं उत्तर इथं लागूच नव्हतं. त्यांनी उरलेले पर्याय पाहिले. एकात घड्याळं खरं तर मजबूत नव्हतीच असं होतं. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी त्यावरच खूण केली असती. एकात विक्री किंचित घटल्याचं होतं, त्यानं तर कोडं उलट वाढत होतं. आणि शेवटच्यात लिहिलं होतं, 'त्या वर्षी कंपनीनं गावोगावी स्वतःची दुरुस्ती केंद्रं उघडली. त्याआधी बहुतेक लोक जवळच्या घड्याळजीकडे जात.' मजबुती खरी, संख्याही खरी, आणि दोघी एका छपराखाली गुण्यागोविंदानं. काउंटरताईंनी खूण केली, पेनाला टोपण लावलं आणि वेळ संपायच्या आधी उठल्या.

निकाल बारा दिवसांनी फाटकाजवळच्या फळ्यावर लागला. एकवीसजण बसले होते, आठ पास झाले होते. काउंटरताईंनी यादी सवयीनं खालून वाचायला सुरुवात केली. आठवं नाव त्यांचं नव्हतं. सातवं नव्हतं. पाचवंही नव्हतं. तिसऱ्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले. मागून कुणीतरी त्यांच्या दंडाला धरलं. चाककाका होते.

"ताई, वरून वाचा," ते म्हणाले.

पहिलंच नाव त्यांचं होतं. समोर तर्काचे गुण लिहिले होते, विसंगतीचे पाचपैकी पाच.

त्या किती वेळ तिथं उभ्या होत्या कुणास ठाऊक. आजूबाजूला माणसं जमली. तक्तेसाहेब गर्दीतून वाट काढत आले आणि म्हणाले, परत येणाऱ्या मालाचा नवा विभाग निघतोय, प्रमुखाच्या जागेसाठी मीच तुमचं नाव दिलं होतं, आता कुणी हरकत घेणार नाही. काउंटरताईंनी मान डोलावली. त्यांना ऐकू सगळं येत होतं, पण डोळे त्या एका ओळीवरून हलत नव्हते.

मग त्यांनी नवऱ्याला फोन लावला. तो क्रेनवर, जमिनीपासून पाच मजले वर होता. "पहिली," त्या एवढंच म्हणाल्या. पलीकडे थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला, आणि मग क्रेनचा भोंगा, लांबच लांब, थांबायचं नाव घेईना. मागाहून त्याला वरिष्ठांनी जाब विचारला. तो म्हणाला, बायको पहिली आलीय, काय करायचं ते करा.

संध्याकाळी काउंटरताई बसमधून उतरून गल्लीच्या तोंडाशी आल्या, तेव्हा समोरून मास्तरीण येताना दिसली. भावानं तिला शाळेत फोन करून कळवलं होतं. आजवर शाळेची घंटा झाली तरी जिनं कधी घाईनं पाऊल उचललं नव्हतं, ती मास्तरीण चपला हातात घेऊन भर रस्त्यानं धावत येत होती. भाजीवाल्या, सायकली, लोक, सगळे तिला वाट करून देत होते. ती जवळ आली, धापा टाकत थांबली, आणि तिनं वहिनीचे दोन्ही खांदे घट्ट धरले.

"आज तुमची प्रश्नपत्रिका हाती लागली. घड्याळाचा प्रश्न होता," ती म्हणाली. "पहिला पर्याय लिहिला नाहीत ना?"

"नाही लिहिला."

"का नाही लिहिला?"

"त्याच वर्षीची होती घड्याळं."

मास्तरणीनं त्यांच्याकडे बघितलं, बघतच राहिली, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिनं आपल्या वहिनीला सगळ्या गल्लीदेखत मिठी मारली.